पावणेसहाची रेघ

दादाचं कार्ड सांगलीला माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. चारच ओळी होत्या. मास्तर गेले, दुपारी अंगणातल्या दगडावर उभे होते, जरा बसतो म्हणाले आणि बसल्या जागीच गेले. मुलींच्या वह्या पुढ्यात तशाच राहिल्या, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आधी आठवला तो माझा राग. एके काळी या माणसावर मी इतकी चिडले होते की त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवायची. आता महिना उलटला आहे. पण तो राग सांगितल्याशिवाय मास्तरांविषयी चार शब्द लिहिणं मला खोटं वाटेल.

कराडपासून दोन कोसांवर कृष्णाकाठी आमचं गाव. मास्तर तिथल्या मराठी शाळेचे. एकटा जीव, आणि एकच खोड. रोज भर दुपारी अंगणातल्या जमिनीसरशा दगडावर अनवाणी उभं राहायचं, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला लावायचा आणि पावलाला पाऊल लावून ती सावली मोजायची. मग वहीत आकडा. माणूस उंच असला की त्याचं पाऊलही लांब, म्हणून कुणीही मोजलं तरी उत्तर जवळजवळ तेच, असं ते शिकवायचे. कडाक्याच्या थंडीत, दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा, आमच्या गावात पावणेसहा पावलं भरत. दक्षिणेला जावं तशी सावली आखूड, उत्तरेला जावं तशी लांब. "ही पावणेसहाची रेघ आपल्या दारातनं निघती आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून पुन्हा दारात येती," ते म्हणायचे. "तिच्यावर जेवढी माणसं उभी हायत ती सगळी आपले भाऊबंद." आमच्या आईला भाऊबंद म्हटलं की बांधावरची भांडणं आठवत. ती म्हणायची, हायत तेवढे पुरे झाले, मास्तर.

दादा पलटणीत निघाला तेव्हा युद्ध पेटलं होतं. पत्रात ठिकाण लिहायची बंदी, लिहिलं तर वरचे लोक खोडून टाकत. म्हणून मास्तरांनी त्याला युक्ती शिकवली. पत्र लिहिशील त्या दिवशी दुपारी सावली मोज, आणि जितकी पावलं तितक्या भाकरी खाल्ल्या म्हणून लिही. "आणि थंडीत जवा पावणेसहा भाकरी लिहिशील, तवा आमी समजू की गडी घरच्या रेघेवर आला." दादा हसला. तानूवहिनीला मात्र हा खेळ वाटला नव्हता. ती उंबऱ्यात उभी राहून आकडा पुटपुटत पाठ करत होती.

त्या हिवाळ्यातलं पत्र आमच्या हातात पडायला माघ उजाडला. समुद्र आहे, माडाची झाडं आहेत, आणि आज साडेतीन भाकरी खाल्ल्या. मास्तरांनी वही काढली, नकाशा पसरला. मग बोट ठेवलं ते मलायावर. इकडच्या पलटणी तिकडं गेल्याची बोलवा होतीच. आठवडाभरातच सिंगापूर पडल्याची बातमी आली... मलायातली सगळी फौज जपान्यांच्या हाती लागली म्हणे.

पुढचे दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. पत्र येईना. वहिनी पाणवठ्यावर गेली की बायका तिच्या कपाळाकडं बघून बोलायच्या थांबत. आई चुलीपुढं बसून राही, ताटं वाढायची विसरे. शिराळ्याहून वहिनीचे वडील गाडी जुंपून आले, लेकीला घेऊन जातो म्हणाले. आणि हे सगळं कशावरून? एका माणसानं नकाशावर टेकवलेल्या बोटावरून. माझा राग तो हाच. मास्तर दिवसाआड येऊन ओसरीच्या कडेला बसत, चुकलो असेन म्हणत, पण पुन्हा मोजून बघितलं की तेच उत्तर. एकदा वहिनी आतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आवं मास्तर, सावली बगून माणूस मेला म्हनत्यात व्हय? तुमच्या वहीत न्हाई मावायचं माजं कुकू." वडिलांची गाडी तिनं रिकामीच परत पाठवली. मास्तर त्या दिवशी चप्पल घालायचंही विसरून घरी गेले.

पाडव्याच्या सकाळी वहिनीनं अंगण नुकतंच सारवलं होतं. तेवढ्यात रजेवर आलेला शेजारचा गणपत फौजी बूट घालून थेट आत चालत आला. ओल्या सारवणावर ठसेच ठसे. वहिनीनं त्याला फैलावर घेतलं, "गड्या, पाय हायत का नांगर?" आणि ओसरीवर बसलेले मास्तर एकदम उठले. एका ठशाशेजारी त्यांनी आपला अनवाणी पाय टेकवला, मग गणपतला बूट काढायला लावून त्याचाही. बुटाचा ठसा चांगला दोन-तीन बोटं लांब होता. मास्तर वही उघडून तिथंच खाली बसले. आमच्या गावात पाऊल म्हणजे अनवाणी पाऊल. शिपाई सावलीसुद्धा बुटानं मोजील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी नवा हिशेब मांडला. बुटाची पावलं मोठी म्हणून आकडा कमी भरला, सावली खरी लांब होती, म्हणजे दादा बराच वर, उत्तरेला... बोट सरकत सरकत सिलोनवर आलं.

"लंकेत हाय त्यो?" आईनं विचारलं. मास्तर म्हणाले, "असावा. आता मी छातीठोक सांगत न्हाई." पुढचे दोन महिने आम्ही सगळे त्या 'असावा'वर जगलो. जपान्यांची विमानं सिलोनवरही आल्याचं कळलं तेव्हा तोही आधार सुटतोय असं वाटलं. अखेर जेठात कार्ड आलं. हिवतापानं पडलो होतो, मधली दोन पत्रं मिळाली का, बूट लय चावत्यात. वहिनीनं ते कार्ड आधी मास्तरांकडं पळत नेलं. त्या दिवसापासून मास्तरांची रोजची भाकरी आमच्या घरून जायला लागली, ती शेवटपर्यंत. मला मात्र त्यांना माफ करायला पुढं वर्ष लागलं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता सांगावंसं वाटतं आहे.

तेराव्याला मी गावी गेले, दिवस कडाक्याच्या थंडीचे, सगळ्यात लहान. भर दुपारी दादा कराडहून आला. मास्तरांच्या अंगणात आला, बूट काढून कडेला ठेवले आणि त्या दगडावर उभा राहिला. मी सावलीच्या टोकाशी खडा ठेवला. दादानं टाचेला बोटं लावत लावत पावलं मोजली, खड्याशी थांबला. वहिनी दाराशी भाकरीचं फडकं हातात धरून उभी होती. सवयीनं बांधून आणली होती. दादा बंद दाराकडं बघून हळू म्हणाला, "मास्तर, आज पावणेसहा भाकरी खाल्ल्या."