आठवड्याभरात जाणारे डाग

माझ्या नणंदेचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो वन्सं काढतात आणि बोलणी मी खाते, कारण गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात. कुणाला रंग उजळ हवा, कुणाला नाक सरळ, एका टकलूमहाशयांना तर कॉम्प्युटरवर चक्क केस लावून हवे होते. वन्संचा नियम एकच: आठवड्याभरात जाणारं असेल ते पुसायचं, कायमचं असेल ते राहू द्यायचं. म्हणजे पुरळ जाणार, तीळ राहणार. रोजची कटकट नको म्हणून मी तशी पाटीच भिंतीवर लावली.

"पण डाग पुसला म्हणजे फोटो खोटाच झाला ना?" मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"पुरळ म्हणजे माणूस नव्हे," वन्सं म्हणाल्या. झालं, विषय बंद.

मग एके दिवशी एक जोडपं आलं. नवरा कडक इस्त्रीत, बायकोच्या तोंडावर पावडरीचे थर. फोटो तिच्या माहेरी पाठवायचा होता.

"सासऱ्यांनी डोकं खाल्लंय," नवरा हसत म्हणाला. "मुलीला बघायला येतो म्हणतात. फोटो बघितला की बसतील गप्प. तुम्हीच पाठवा, स्टुडिओतून आला की बरं वाटेल त्यांना." त्याने सासऱ्यांचा नंबर दिला.

फोटो स्क्रीनवर आला. फ्लॅशने पावडरीखालचं सगळं उघडं पाडलं होतं. डावा डोळा खालून काळानिळा पडला होता.

"दार लागलं तिला," नवरा म्हणाला. "काढून टाका. आठवड्याभरात जाईल ते. तुमच्याच पाटीवर लिहिलंय."

पाटी लावणारे माझे हात मोडले का नाहीत, असं मला झालं. वन्संनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने माउस धरला. डाग हळूहळू पुसट व्हायला लागला. वन्संचा मला इतका राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. नवरा त्यांच्या खुर्चीला खेटून उभा होता.

"झकास! आता आधीचा फोटोही उडवा."

बायको मागच्या स्टुलावर बसली होती. पाटीकडे बघत ती म्हणाली, "ताई, हे आठवड्याभरात जात नाही."

"तू गप्प बस."

"जातं आणि परत येतं. कधी डोळ्याखाली, कधी पाठीवर. लग्न झाल्यापासून आहे."

वन्संचा हात थांबला.

"मग कायमचंच की ते," त्या म्हणाल्या. त्यांनी एक बटण दाबलं आणि डाग होता तसा परत आला. नवऱ्याला काही कळायच्या आत त्यांनी फोटो पाठवूनही दिला.

"कुणाला पाठवलात?"

"तुम्ही नंबर दिलात त्यांना."

त्याने टेबलावर मूठ आपटली. मी धावत जाऊन रस्त्याकडचं दार सताड उघडलं. आणि उंबऱ्यातच उभी राहिले. बाहेर दोघंतिघं थबकून आत बघायला लागले, तसा त्याचा आवाज उतरला.

"फोटो खोटा आहे म्हणून सांगेन त्यांना. कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करता येतं."

तेवढ्यात स्टुडिओचा फोन वाजला. नवऱ्याने झडप घातली, पण वन्संनी तो आधीच उचलला होता. पलीकडचा आवाज ऐकून त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "फोटो खरा आहे. मला न्यायला या."