कुंपणावरचं पाखरू

रंगारीकाका जंगलाला लागून असलेलं लाकडी कुंपण रंगवत होते. एका खांबाच्या टोकावर ब्रश टेकवणार, तोच त्या टोकाने पिवळाधमक डोळा उघडला! काकांची बोबडीच वळली.

"अगं, रातपक्षी होता तो, दिवसभर लाकूड होऊन बसतो," त्यांनी घरी सांगितलं.

"तुमच्या वडिलांनाही शेवटी असंच काहीबाही दिसायचं," बायको म्हणाली.

काकांना तीच भीती खात होती. म्हणून दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते तिला तिथे घेऊनच गेले.

"कुठाय तुमचं पाखरू? सुकलेलं लाकूड आहे, अहो!" हसत हसत तिने टोकावर हात ठेवला आणि हसू तसंच गोठलं.

"अहो," ती कुजबुजली, "हे गरम आहे. आणि आत धडधडतंय."