न वाचायची चार पत्रं

दवाखान्यात काम करणाऱ्याकडे किस्से औषधांच्या सॅम्पलसारखे साठतात. कोणी मागितले नाहीत तरी खण भरलेलाच! माझा अर्धा खण तर नुसत्या शिफारसपत्रांचा आहे.

झालं असं, मला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात पुढचं डॉक्टरी शिक्षण, हवी होती. दोनदा अर्ज बाद झालेला. हा शेवटचा, नाहीतर बाबा म्हणाले तसं रोह्यातच बोर्ड लावायचा. पत्रं हवीत तीन, द्यायला डॉक्टर तयार चार. आणि आत काय लिहिलंय ते मी वाचणार नाही, असं अर्जातच कबूल करून टिक केलेलं. म्हणजे न वाचता निवडा!

चौघांनाही टायपिंग येत नाही. त्यामुळे चारही पत्रं रोह्यातल्या एकाच दुकानात गेली, नंदाताईकडे. टाइप तीच करणार, सही तीच आणणार, अपलोडही तीच. तिची सासू आमच्या वॉर्डात होती, तेव्हापासूनची ओळख. "मी काय पन सांगणार नाय गो, शपथ हाय!" म्हणाली.

*

पेणचे सर्जन. अक्षर असं, की नंदाताई कागद घेऊन सरळ मेडिकलवाल्याकडे गेली. त्याने काउंटरवरच खणखणीत वाचून दाखवला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला, मी सोडून!

शेवटची ओळ मला रिक्षावाल्याने सांगितली: "पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे."

*

धाटावचे फॅक्टरी डॉक्टर दिवसभर कामगारांना फिटनेस सर्टिफिकेट देतात. त्यांनी स्वतःच फोन केला. "झकास लिहिलंय! उंचीवर काम करायला फिट, तिन्ही शिफ्टला फिट, रंग नीट ओळखते!"

"सर, मी शिडीवर चढणार नाहीये."

"अगं, पण शिफ्टचं तर खरं आहे ना?"

खरंच होतं. पत्र ठेवलं.

*

वरसेच्या मॅडमनी सहा पानं लिहिली. नंदाताईने शपथ पाळली, फक्त एवढंच विचारलं, "मॅडम कुठं कुठं शिकल्या ते माझं पाठ झालं. तुझं नाव पाचव्या पानावर आलं तर चालतंय का?"

नाही चालत! मॅडम बाद.

*

राहिले आमचे मोठे सर. बायकोच्या पुरणपोळीलासुद्धा "खाण्यासारखी आहे" म्हणणारा माणूस! नंदाताईने कपाळाला हात लावला. "एकच ओळ हाय गो! अख्खं पान मोकळं!"

पण तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढलेली, वगळणार कसं? देवाचं नाव घेतलं आणि पाठवलं.

*

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. समोरचे डॉक्टर आधीपासूनच हसत होते. "तुम्ही उंचीवर काम करता म्हणे!" मग एकदम गंभीर झाले. "तिघांच्या लिहिण्याच्या तऱ्हा तीन. पण एक वाक्य तिन्ही पत्रांत आहे. 'म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना ही आधी शेजारी बसते.' खरं आहे?"

म्हटलं, "स्टूल मिळालं तर बसते."

निवड झाली! पेढे घेऊन आधी मोठ्या सरांकडे पळाले. "बरं झालं," ते म्हणाले. त्या वाक्याबद्दल विचारलं, तर चष्मा वर करून म्हणाले, "कुठलं वाक्य? नंदा बोट ठेवते तिथं मी सही करतो."

तशीच दुकानात गेले. नंदाताईने पेढा तोंडात टाकला आणि कोणाचा तरी सातबारा प्रिंट करता करता म्हणाली, "मोठ्या सरांचं पान मोकळं होतं, म्हणून घातली एक ओळ. मग बाकीच्या दोघांनी माझं काय घोडं मारलं होतं?"