वासराच्या वाट्याचं थान

मंठ्याला आमच्या शेजारी तहसील कचेरीतले एक कारकून राहत. निजामाच्या कचेरीत हयात गेल्यामुळं ते घरातही हुकूमच काढत. रोज सकाळी गाईची धार काढताना साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "तीन थानं आमची, एक वासराचं! बिलकुल इन्साफ!" येणारे-जाणारे कौतुकानं माना डोलवत.

गाय आधीच दुधाला कमी, आणि वासराच्या बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. "त्याची हड्डीच बारीक हाय," असं ते सांगत आणि गाईला गूळ घालून बाजरीचं आंबोण चारत.

एकदा त्यांच्या हाताला गळू झालं. "मास्तर, आज धार तुम्हीच काढा," मला म्हणाले. "मागचं डावं थान वासराचं. त्याला हात लावायचा न्हाई." मी नेमका तिथंच हात लावला. थेंबसुद्धा आला नाही. ते थान कधीचं आटलं होतं.

मी वासराला उरलेल्या तिन्ही थानांवर सोडलं आणि रिकामी चरवी त्यांच्यापुढं ठेवली. "आज वासराचं थान तुम्हाला."

त्यांनी चरवीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "बराबर हाय." त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पण गल्लीत बोलू नका."

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तेच बोलले, "आजपासून वासराला दोन थानं!" गल्ली धन्य झाली.

दोनांतलं एक मागचं डावंच होतं.