हलके रिव्हॉल्व्हर, जड गोळी

दिनांक १९ सप्टेंबर. तक्रार नोंदवून ठेवावी ती अशी: अलास्कातील आमच्या नदीकाठच्या गावात वेंडेल सोलेम हा इसम अस्वलाच्या हल्ल्यात मेला, तेव्हा त्याच्या हातातले रिव्हॉल्व्हर भरलेले होते आणि पहिल्या गोळीनंतर ते चालले नाही. ज्याने ते विकले त्याला असे घडू शकते हे ठाऊक होते.

विकत घेतले होते त्याच्या बायकोने. इंग्रिड गावात माशांना धुरी देऊन ते टिकवण्याचे काम करी. वेंडेलच्या खुब्याचा सांधा बदलल्यापासून जुने पोलादी रिव्हॉल्व्हर त्याला कमरेला सोसवेना. तो ते गाडीतच ठेवून जंगलात शिरे. म्हणून त्याच्या वाढदिवसाआधी ती ड्वाइट रस्कच्या दुकानात गेली.

"कंबर कुठे उरलीय त्याला? सगळं पोटच तर आहे," ड्वाइट म्हणाला.

"पोट माझ्या हातचं आहे, त्याला नावं ठेवू नकोस. हलकं दाखव."

त्याने चव्वेचाळीस कॅलिबरची दोन रिव्हॉल्व्हरे काचेवर ठेवली. एक पोलादी, एक टायटॅनियमचे. तिने दोन्ही तोलून पाहिली. दुसरे रिकाम्या पाकिटासारखे वाटले.

"धक्का जोरात देईल हं," ड्वाइट म्हणाला. "पण कमरेवर तरी राहील. जड असतं ते खुंटीला लटकतं."

मग गोळ्या. तांब्याची, पोकळ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते, हरणाला पुरे. अस्वलाच्या हाडात खोल जायला कडक शिशाची, वजनदार हवी. इंग्रिडने वजनदार घेतली. नवऱ्यासाठी तिने काहीच स्वस्त किंवा हलक्या प्रतीचे घेतले नव्हते. दोन्ही निवडी सुट्या सुट्या योग्य होत्या. एकत्र मात्र त्या घातक ठरल्या, आणि हे सांगायला ड्वाइटची जीभ वळली नाही.

वेंडेलची सवय गावातल्या सगळ्यांचीच. काडतुसे महाग, म्हणून रेतीच्या खाणीत जाऊन डब्यावर दोनच गोळ्या झाडायच्या, त्या जागी दोन नव्या भरायच्या आणि घरी यायचे. "दोन डब्याला, बाकीच्या अस्वलाला," असे तो म्हणे. त्या बाकीच्या तशाच रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात राहत आणि दर वेळचे धक्के खात.

गेल्या सप्टेंबरात त्याने मूस, म्हणजे इथले घोड्याएवढे हरीण, मारला. इथला रिवाज असा, की आधी सगळे मांस वाहून आणायचे, शिंगे शेवटी. दुसऱ्या खेपेला तो शेजारी गस डेमिडॉफबरोबर परतला, तेव्हा मांसावर अस्वल बसले होते. ते सरळ धावून आले. वेंडेलने एक गोळी झाडली. गसने पुढे सांगितले ते इतकेच: "तो चाप ओढत होता, इंग्रिड. सारखा ओढत होता." मागून येणाऱ्या गसने बंदूक खांद्याला लावेपर्यंत उशीर झाला होता.

पोलिसांनी रिव्हॉल्व्हर परत दिले, तेव्हा ती ते ड्वाइटकडेच घेऊन गेली. चक्र फिरेना. धक्क्याधक्क्याने एका काडतुसातली शिशाची गोळी पितळी नळीतून पुढे सरकत आली होती. तिचे टोक चक्राबाहेर येऊन चौकटीत अडकले होते.

"होतं असं," ड्वाइट खाली बघत म्हणाला. "हलक्या रिव्हॉल्व्हरात जड गोळी घातली की होतं कधीकधी. मला वाटलं, वेंडेलला माहीत असेल."

"त्याला माहीत नव्हतं. मला नव्हतं. निवडलं मी."

"इंग्रिड, तुझा दोष..."

"हलकं मी मागितलं, ड्वाइट."

त्यानंतर ती त्याच्याशी भांडली नाही. धुरीच्या खोपटात जाते, मासे टांगते. खाणीकडून आवाज आला की हातातले काम थांबवते आणि दुसरा बार ऐकू येईपर्यंत तशीच उभी राहते.

म्हणून वाचणाऱ्यांकडे मागणी एवढीच. तुमच्या कमरेला हलके रिव्हॉल्व्हर असेल तर याच आठवड्यात खाणीवर जा. भरण्याआधी एका काडतुसाची लांबी मोजा, ते शेवटचे ठेवून बाकीची सगळी झाडा आणि त्याची लांबी पुन्हा मोजा. वाढली असेल, तर त्या गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरात पुन्हा घालू नका. आणि हे न सांगता विकणाऱ्याच्या दुकानातून काही घेऊ नका.