कापडाआडची एमडीएस

"खरे डॉक्टर कुठं हायत?"

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडव्या झालेल्या गुरुजींनी विचारलं. सेलूचे निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्या कोटावरचं आडनाव वाचलं होतं.

"रूट कॅनाल मीच करणार आहे," मी म्हटलं.

"कोट्यातली डिग्री माह्या तोंडात नको. मोठ्या डॉक्टरायले बोलाव."

मला एकेरीत 'बोलाव'. शेजारी उभ्या शिकाऊ मुलीला मात्र ते 'मॅडम' म्हणत होते.

दवाखाना वर्ध्यातला. मालक सर बीडीएस. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. मी तेवढं केलं. मग पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं एमडीएस, रूट कॅनालच्याच विषयात. तेव्हा हिंगणीत आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबत होते. कौन्सिलची नोंदणी सरांची तशी माझीही. बाहेरच्या पाटीवर नाव फक्त सरांचं.

सर आले. "मीच करतो," गुरुजींना हसून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांवर कापड टाकलं आणि मला खुणेनं बोलावलं. दाढेची मुळं वाकडी होती. सरांना जमली नसती.

हे नवीन नव्हतं. दीड वर्ष मी असंच केलं. मुक्यानं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून. पेशंट उठून सरांच्या पाया पडायचे. मी आत हात धूत असायची.

त्या दिवशी हात पुढे गेला नाही.

"करून टाक ना," सर पुटपुटले. "त्याले काय समजते?"

"मले समजते." मी मोठ्यानं म्हटलं. कापड काढलं.

"गुरुजी, सर बीडीएस आहेत. मी बीडीएस, एमडीएस. तुमचे डोळे झाकून ही दाढ ते माझ्याकडूनच करून घेत होते. कोणाकडून करायची, आता पाहून सांगा."

गुरुजींनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. गुरुजी उठले, चप्पल घातली, सुजलेल्या गालानं निघून गेले.

"उद्यापासून येऊ नको," सर म्हणाले.

आईला फोन केला. "चूप राह्यली असती तर?" एवढंच बोलली.

आता बोरगाव मेघेत भाड्याच्या खोलीत माझी एक खुर्ची आहे. पाटीवर पूर्ण नाव, दोन्ही डिग्र्या, नोंदणी क्रमांक. लोक पायरीपर्यंत येतात, वाचतात, काही परत फिरतात. कधी अख्खा दिवस कोणी येत नाही. घरमालक म्हणाले, "आडनाव काऊन लिहता? पहिलं नाव पुरते."

नाही पुरत. लपून मी आता कोणाच्याही तोंडात हात घालणार नाही.