कुंथियाचे बाण

कंबोडियात, फ्नॉम पेन्हच्या बाहेर भातशेतं संपतात आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात. तिथल्या एका शर्टांच्या कारखान्यात कुंथिया तपासणीच्या टेबलाशी उभी असायची. प्रे वेंग प्रांतातून आली तेव्हा कोवळी पोर होती, आता गुडघे कुरकुरायला लागले होते. लग्न जमता जमता राहिलं, मग कुणी जमवायलाही गेलं नाही. तिची माणसं म्हणजे शिलाई मशीनच्या पाचव्या लाइनच्या बाया. त्यातही कॉलर शिवणारी रास्मेय, जी तिच्याच भाड्याच्या खोलीत राहायची.

शिवण चुकली की तिथं लाल कागदाचा बाण चिकटवायचा, हे कुंथियाचं काम. पण पाचव्या लाइनची एक रीत होती. बाण लागलेला शर्ट लगेच बाद मालात जात नसे. कुंथिया पाणी प्यायचं निमित्त करून उठायची आणि जिनं तो शिवला तिच्या मांडीवर टाकून पुढे जायची. ती बाई मुकाट्यानं उसवायची, नीट करायची, बाण काढून टाकायची. चुकांच्या मोजणीत काही यायचंच नाही. रास्मेयचं मनगट दुखायला लागल्यापासून तिच्या मांडीवर शर्ट जरा जास्तच पडत.

"ताई, तुला माझ्या एकटीसाठीच ठेवलंय का गं कामाला?" रास्मेय म्हणायची.

"तुझ्या वाकड्या कॉलरी बघून माझी मान वाकडी झाली. म्हणून तर नवरा मिळाला नाही."

मग शिवणीतल्या चुका शोधणारा कॅमेरा आला. लाइनचा मुकादम वुथी तिला बोलवायला स्वतः आला. "ताई, तुमच्यासारखी नजर इथं कुणाची नाही. या यंत्राला जरा शिकवा."

शिकवायचं म्हणजे गार खोलीत बसून पडद्यावरच्या शर्टांवर बोटानं बाण लावायचे. कुंथियानं जीव ओतून लावले. एरवी डोळेझाक केली असती अशा बारीक सुरकुतीवरसुद्धा लावले. बाण म्हणजे नीट करायला परत, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. उलट तिला वाटलं, आता माल बाहेर जायच्या आधीच सगळं सापडेल, पोरींना बोलणी खावी लागणार नाहीत.

कॅमेऱ्याला चुका अचूक दिसायला लागल्या. पण तो काही पाणी प्यायला उठत नव्हता. टाका वाकडा पडला रे पडला की लाइनच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर शिवणारीचं नाव झळकायचं. पहिल्याच दुपारी रास्मेय सगळ्यात वर गेली आणि तिथंच राहिली.

कुंथियानं वुथीला गाठलं. "अरे, बाण लागला की आधी बाईला परत द्यायचं असतं. मोजायचं नंतर."

"हे तुम्ही त्याला शिकवलंत का?"

"तेही शिकवावं लागतं हे मला काय माहीत?"

वुथी हसला नाही. "ताई, आता ते आकडे थेट वर जातात. माझ्या हातात काही राहिलं नाही."

दुपारी फाटकाशी चटई पसरून बाया जेवायच्या, आंबट कालवण नि सुकी मासळी सगळ्यांच्या मधोमध. कुंथिया डबा घेऊन आली तेव्हा कुणी सरकलं नाही. फल्ला म्हणाली, "नीट जेवा गं बायांनो. शीत सांडलं तरी हिचं लेकरू फळ्यावर नाव लावील." कुणी हसलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून कुंथिया पाण्याच्या टाकीपाशी बसायला लागली.

खोलीत रास्मेय "भात झालाय", "पाणी आलंय" एवढंच बोलायची. नव्या वर्षाच्या सणाआधी सगळ्यांचे करार पुढे चालू झाले, तिचा झाला नाही.

ती कपडे बांधत होती. कुंथिया दारातच उभी राहिली. "मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलले तर रडू येईल. आणि असे डोळे घेऊन घरी गेले की आई विचारत बसेल." तिनं भाताचा कुकर कुंथियाकडे सरकवला. "हा राहू दे तुला. आमच्याकडे चुलीवरच करतात."

सणानंतर वुथी पुन्हा आला. आता तपासणीला एवढ्या बाया लागणार नव्हत्या, पण पलीकडच्या शेडमध्ये पँटींसाठी तसाच कॅमेरा बसणार होता. "बसून काम आहे, ताई. गार खोली."

"मला कॉलरीच्या मशीनवर बसव. रास्मेयच्या जागी."

"खुळ्या आहात का? हात बसेपर्यंत तुमचंच नाव वर येईल."

"येऊ दे."

आणि आलंच. मागच्या मशीनवरून फल्ला म्हणाली, "गुरूलाही सोडलं नाही की गं यानं." कुंथियानं मान वळवली नाही. जेवायच्या सुट्टीत ती टाकीपाशीच बसली. चटईवरून कुणी हाक मारली नव्हती.

दुपारी बॉबिन बदलायला वाकलेली फल्ला खालच्या आवाजात म्हणाली, "रास्मेयचा फोन येतो का तुला?"

"नाही."

"आम्हालाही नाही."

फल्लानं दोरा दातानं तोडला आणि मशीन सुरू केलं. कुंथियानं पुढची कॉलर सुईखाली घेतली.